खिशातला कांदा ऊन लागू देत नाही का?

"खिशात कांदा ठेवा, तो गरमी ओढून घेतो, ऊन लागत नाही." मे महिना आला की हा सल्ला विदर्भात गावोगावी फिरतो.

अंगाला घाम येतो आणि तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. अंगातलं पाणी-मीठ कमी पडलं, त्यात पारा 45 वर आणि तेंदूपत्त्यासारखं कष्टाचं काम, की घामाने भागत नाही. अंगाचं तापमान 40 अंशांच्या वर जाऊ शकतं. यात खिशातला कांदा ना पाणी देतो, ना घाम वाळवतो.

घरीच पाहा. सारख्या तीन बाटल्यांत पाणी भरून उन्हात ठेवा. एकीला कांदा बांधा, दुसरीला ओलं फडकं गुंडाळा, तिसरी तशीच. तासाभराने फडक्याचीच बाटली गार लागेल. माठाचंही हेच गणित.

मग अनुभव खोटा का? नाही. कांदा घेऊन निघणारा माणूस बहुधा डोक्याला दुपट्टाही बांधतो, पाणीही सोबत नेतो. श्रेय मात्र कांद्याला! भाकरीसोबत तो खुशाल खा.

खरी काळजी वेगळी. कोणी भोवळ येऊन पडलं, बरळायला लागलं, तर तळपायाला कांदा चोळण्यात वेळ जातो. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी टाकून वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.