बिल्ला उलटा करून बघा

गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्यांनी पणजोबांच्या ट्रंकेतून निघालेला पलटणीचा पितळी बिल्ला माझ्या हातावर ठेवला. जेमतेम चार सेंटिमीटरचा. मधे बिगूल, बिगुलाच्या गोफात 110 हा आकडा. "चिंच लावून लख्ख करू का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी आधी नाही म्हटलं आणि मग भिंग आणायला उठलो.

घरच्या देवांना चिंच लावतो तशी ती बिल्ल्याला लावली तर काय होतं? चिंचेतलं टार्टारिक आम्ल वरचा काळपट थर खातं आणि सोबत पितळेतलं जस्तही थोडं सोडवतं. मागे तांबूस कांती उरते. जुन्या बिल्ल्याचं वय आणि खरेपण त्याच काळपट थरात आणि झिजेत लिहिलेलं असतं. ते एकदा गेलं की परत येत नाही.

आधी आकड्याबद्दल. 1903 साली सरसेनापती किचनेरनं हिंदुस्थानी फौजेची फेररचना केली तेव्हा मुंबई फौजेच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकांत सरळ 100 मिळवले. तिसरीची 103 झाली, पाचवीची 105, दहावीची 110. पुढे 1922 मध्ये त्यांतल्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली आणि तीन अंकी क्रमांक संपले. म्हणजे 110 हा आकडा 1903 ते 1922 या काळाकडे बोट दाखवतो. नुसता 5 असेल तर तो त्यानंतरचा, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंतचा. 'मराठा'च्या इंग्रजी नावात मधे 'एच' आणि शेवटाकडे दोन 'टी' (Mahratta) असतील तर ते जुनं स्पेलिंग आहे, हीही एक खूण.

दुसरा साक्षीदार म्हणजे बिल्ल्यावरचा मुकुट. 1901 पर्यंत व्हिक्टोरियाचा. पुढे राजांच्या काळात ट्यूडर मुकुट, ज्याच्या कमानी घुमटासारख्या गोल असतात. एलिझाबेथच्या काळात, 1953 च्या सुमारास, सेंट एडवर्डचा मुकुट आला, त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या. आता हिशेब करा. 26 जानेवारी 1950 ला भारत प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले. त्यामुळे मराठा पलटणीच्या बिल्ल्यावर एलिझाबेथच्या काळातला हा मुकुट दिसला तर पुढची तपासणी करायची गरजच नाही. तो मुकुट आपल्या सैन्याच्या डोक्यावर कधी चढलाच नाही.

पण आकडा आणि मुकुट नक्कल करणाऱ्यालाही वाचता येतात. म्हणून बिल्ला उलटा करायचा.

बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतले बिल्ले पत्र्यावर पोलादी ठसा दाबून काढत. अशा बिल्ल्याची पाठ पोकळ असते, पुढचा उठाव मागे खोलगट दिसतो. कडा भिंगाखाली धरली की दोन पट्टे दिसतात: छाटणीच्या हत्यारानं घासून गेलेला गुळगुळीत भाग आणि त्याखाली पत्रा फाटल्याचा खरबरीत भाग. नकली बिल्ला बहुधा अस्सल बिल्ल्यावरून साचा घेऊन ओततात. वितळलेलं पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आक्रसतं, म्हणून 40 मिलिमीटरचा बिल्ला 39.4 च्या आसपास भरतो. व्हर्नियर कॅलिपरला हा फरक सहज सापडतो. अक्षरांच्या कडा मऊ पडतात, हवेचे बारीक खड्डे राहतात.

इथे एक मोठी गफलत होते. "ओतीव म्हणजे नकली" हा नियम विलायती बिल्ल्यांना बऱ्यापैकी लागू पडतो, आपल्या पलटणींच्या बिल्ल्यांना नाही. इथल्या बाजारात वाळूच्या साच्यात ओतलेले, मागे हातानं कड्या झाळलेले बिल्ले सैनिकांनी खरोखर वापरलेत. विलायती फूटपट्टी लावून असे अस्सल बिल्ले बाजूला टाकले जातात, याचं मला फार वाईट वाटतं. स्नेह्यांचा बिल्लाही ओतीवच होता. पाठीवर वाळूचे कण उमटलेले, एक कडी वाकडी बसलेली.

मग त्याचं खरेपण कशावरून ठरवायचं? झिजेवरून. शिपाई रोज समोरची बाजू चमकवतो, पाठ कुणी घासत नाही. या बिल्ल्यावर बिगुलाचं तोंड आणि आकड्याची डोकी गुळगुळीत झाली होती, खाचांत जुन्या पॉलिशचा पांढरट खडा बसला होता, पाठ मात्र खरखरीत आणि काळी. कड्या आतून एकाच बाजूला झिजलेल्या, जिथे पिन ओढ घेते तिथेच. गंधकाच्या द्रावणात बुडवून काळा केलेला नकली बिल्ला उंचवट्यावर आणि खाचेत सारखाच काळा असतो.

प्रयोगशाळेत क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या यंत्रानं धातूंचं प्रमाण न ओरखडता कळतं. पण हे यंत्र वरचा अगदी पातळ थरच वाचतं. चिंचेनं जस्त खाल्लेला पृष्ठभाग असेल तर उत्तरही चुकीचं येणार. मी असतो तर यंत्र कड्यांच्या झाळणावर धरायला सांगितलं असतं. तिथे शिसं नसलेलं आधुनिक कथील निघालं तर कडी अलीकडची. शिसं निघालं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ते आजही मिळतं.

आता सफाई. अमोनिया असलेलं पॉलिश टाळा, आणि त्याला कारण आहे. ब्रिटिश काळात इथल्या छावण्यांत पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्यांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत अडकलेला ताण, या तिघांचं ते काम होतं. 1921 मध्ये त्याचा उलगडा झाला. ठशाखाली दाबलेल्या पत्र्यातही तसा ताण असतो.

हिरवा रंग दोन प्रकारचा असतो. चामड्याला टेकलेल्या जागी मेणासारखा चिकट हिरवा थर जमतो, तो चरबीतल्या आम्लांचा आणि तांब्याचा साबण. लाकडी काडीनं हलकेच निघतो. फिकट हिरवी भुकटी मात्र धोक्याची. घामातल्या किंवा खाऱ्या हवेतल्या क्लोराइडमुळे ती होते, पुसली तरी दमट दिवसांत परत उगवते आणि धातू आतून पोखरते. ती दिसली तर बिल्ला संग्रहालयाच्या संवर्धकाकडे न्यावा. तोवर 40 टक्क्यांहून कमी आर्द्रतेत ठेवावा.

स्नेह्यांच्या बिल्ल्याला भुकटी नव्हती. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशनं समोरची बाजू धुतली, लगेच टिपून कोरडी केली. वाकड्या कडीत खाकी सुताचा केसाएवढा तुकडा अडकलेला होता, तो तसाच राहू दिला. ते म्हणाले, पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात होते असं आजी सांगायची. 110 वी पलटण तिथे होती आणि 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली, एवढं मला सांगता आलं. बिल्ला डबीत, शेजारी सिलिका जेलची पुडी. रत्नागिरीच्या जुलैत ती पंधरा दिवसांत बदलावी लागते.