लेसोथो: आख्खा देशच डोंगरावर

आख्खाच्या आख्खा १००० मीटरच्या वर असलेला जगातला एकमेव देश कुठला, असं विचारलं की बहुतेक जण नेपाळ नाहीतर भूतान म्हणतात. पण नेपाळची तराई शंभर मीटरच्याही खाली उतरते. खरं उत्तर लेसोथो. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका, आकार महाराष्ट्राच्या जेमतेम एक दशांश आणि सगळ्यात खालची जागा १४०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर! पश्चिमेच्या पट्ट्याला तिथले लोक सखल भाग म्हणतात, पण त्यातलं मासेरू हे राजधानीचं शहर जवळजवळ कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर आहे. पूर्वेला मालोती डोंगर, त्यात ३४८२ मीटरचं थबाना न्तलेन्याना.

मला खरं वेड आहे ते या डोंगरांच्या दगडाचं, कारण तो आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा आहे. फक्त आपला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्यांचा १८ कोटींच्या आसपासचा. शंकूसारखा ज्वालामुखी डोळ्यासमोर आणू नका, इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा पसरत गेला. वरची साय पटकन थिजते पण आत गरम लाव्हा येतच राहतो, तो त्या सायीला खालून उचलतो, थर फुगत जातो, वायूचे बुडबुडे वर चढून सायीखाली अडकतात आणि मधला भाग सावकाश थंड होऊन घट्ट होतो. मग ऊनपावसात वरचा सच्छिद्र भाग आधी झिजतो, मधला कडा म्हणून उभा राहतो, त्यावर पुढचा थर, पुन्हा तेच. म्हणून दोन्हीकडे डोंगराला पायऱ्या दिसतात. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर पाण्यातून खनिजं साचली, त्यांचेच स्फटिक ‘एनर्जी’ देतात म्हणून विकतात, त्यांना कसलीही शक्ती नसते, कृपया पैसे घालवू नका.

अर्थात नुसत्या लाव्ह्याने एवढी उंची येत नाही, तिथलं सगळं पठारच खालून उचललं गेलंय. सखल भागात बेसाल्ट झिजून गेलाय आणि खालचा फिकट वालुकाश्म उघडा पडलाय, ती लाव्ह्याच्या आधीच्या वाळवंटाची वाळू.

आणि नदी बघा, सेंकू (पुढे तिलाच ऑरेंज म्हणतात) उगम पावते हिंदी महासागराच्या बाजूला, पण पठाराचा उतार पश्चिमेला, म्हणून सगळा आफ्रिका खंड आडवा कापून अटलांटिकला मिळते. आपल्या गोदावरीचंही तसंच, त्र्यंबकहून अरबी समुद्र एवढा जवळ आणि ती जाते बंगालच्या उपसागराला.