रॅम भरपूर, तरी प्रोग्राम का कोसळतो?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला की कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्याचं खापर उन्हावर फुटतं, नाहीतर रॅमवर. पण तीच फाइल दिल्यावर प्रोग्राम दरवेळी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मनाई असलेल्या मेमरीला हात लागला) म्हणत बंद पडत असेल, तर आधी स्टॅक, म्हणजे चालू फंक्शनांची तात्पुरती माहिती ठेवणारी मेमरीतली जागा, तपासा.

फंक्शनला कॉल केला की त्याचे लोकल व्हेरिएबल आणि परतीचा पत्ता मिळून एक फ्रेम स्टॅकवर चढते. काम संपलं की उतरते. लिनक्सवर मुख्य थ्रेडच्या (प्रोग्रामच्या मूळ धाग्याच्या) स्टॅकची मर्यादा सहसा ८ एमबी, विंडोजवर १ एमबी. रॅम ६४ जीबी केली तरी ही मर्यादा तसूभर वाढत नाही.

समजा, उपग्रहचित्रात तलावाचे पिक्सेल मोजायचे आहेत. फंक्शन एक पिक्सेल मोजतं आणि चारही शेजाऱ्यांसाठी स्वतःलाच बोलावतं, यालाच रिकर्शन म्हणतात. सलग पाण्यात ही साखळी जवळजवळ पिक्सेलांइतकी खोल जाऊ शकते. फ्रेम ४८ बाइटची धरली, तर नागपूरच्या फुटाळा तलावाच्या १ लाख पिक्सेलना ४८ लाख बाइट लागतील, निभावलं. त्याहून मोठ्या अंबाझरी तलावाचे ३ लाख पिक्सेल आले की १ कोटी ४४ लाख बाइट हवेत, आणि ८ एमबी म्हणजे जेमतेम ८४ लाख. कोड तोच, तलाव मोठा!

स्टॅक मेमरीतल्या खालच्या पत्त्यांकडे वाढतो. हद्दीपलीकडे गार्ड पेज, म्हणजे मेमरीचं एक राखीव पान असतं, तिथे वाचायला-लिहायला मनाई. त्याला हात लागताच प्रोसेसर कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) कळवतो आणि कर्नल प्रोग्राम थांबवतो. हे पान नसतं, तर शेजारचा डेटा गुपचूप बिघडला असता. मात्र एखादा प्रचंड लोकल ॲरे हे पान ओलांडून थेट पलीकडे पडू शकतो. २०१७ मध्ये उघड झालेला ‘स्टॅक क्लॅश’ हा सुरक्षा-दोष हाच. म्हणून जीसीसी या कंपायलरमध्ये प्रत्येक पान क्रमाने स्पर्शून पुढे जाण्याचा पर्याय आला.

कॉम्प्युटरला नजर लागत नाही आणि ‘स्पीड बूस्टर’ ॲपनेही हा दोष जात नाही. लिनक्सवर प्रोग्राम जीडीबी (gdb) या डीबगरमध्ये चालवा, कोसळला की ‘बीटी २०’ (bt 20) द्या, शेवटचे २० फंक्शन-कॉल दिसतील. एकाच फंक्शनचं नाव ओळीने दिसलं तर रिकर्शन खोल गेलंय. मग जीडीबीतून बाहेर येऊन त्याच टर्मिनलमध्ये ‘यूलिमिट -एस ६५५३६’ (ulimit -s 65536) देऊन स्टॅक ६४ एमबी करा आणि पुन्हा चालवा. आता काम पूर्ण झालं तर जागाच अपुरी होती. तरीही कोसळला तर थांबण्याची अट चुकली आहे का, ते आधी बघा.

मर्यादा वाढवणं ही फक्त तपासणी. कायमचा उपाय म्हणजे रिकर्शन काढून बाकी पिक्सेलांची यादी हीपवर (स्टॅकच्या मर्यादेबाहेरच्या मेमरीत), व्हेक्टर या वाढत्या यादीत ठेवणं. पिक्सेल यादीत टाकतानाच त्यावर ‘घेतला’ अशी खूण करा. काढताना केली तर तोच पिक्सेल यादीत अनेकदा शिरतो.