मानसशास्त्राचे प्रौढवयातील अध्ययन : ख्रिस्ती दृष्टिकोन

नोकरी, संसार किंवा मंडळीतील (चर्चमधील) सेवा सांभाळून, तिशी ओलांडल्यावर ख्रिस्ती व्यक्तीने केलेला मानसशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास. त्यामागे पदवीची गरज क्वचितच असते. घरात कोणी महिनोन्‌महिने गप्प बसते, रविवार शाळेतले मूल एकाएकी दचकू लागते, आणि प्रार्थना करूनही काय होते आहे ते कळत नाही. तेव्हा माणूस या विषयाकडे वळतो. होळकरांच्या काळापासून मराठी वस्ती असलेल्या इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू केले. श्रद्धा आणि विद्या एकाच आवारात नांदणे या शहराला नवे नाही.

तरी मंडळीत या विषयाची धास्ती असते. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९२७ मध्ये धर्माला भ्रम ठरवले, एवढेच बहुतेकांच्या कानावर आलेले असते. पुढच्याच वर्षी त्याला सविस्तर उत्तर देणारा ऑस्कर फिस्टर हा स्वतः मनोविश्लेषक होता, स्वित्झर्लंडमधला पाळकही (चर्चचा धर्मोपदेशकही) होता आणि फ्रॉइडचा अखेरपर्यंतचा मित्रही होता, हे फारसे सांगितले जात नाही. अमेरिकेत अँटन बॉइसन या पाळकाने स्वतः मनोरुग्णालयात राहून आल्यानंतर, १९२५ मध्ये वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसून शिकवायला सुरुवात केली. त्या रुग्णांना तो ‘जिवंत मानवी दस्तऐवज’ म्हणे. आजचे पाळकीय समुपदेशन याच वाटेने आले.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला या अभ्यासाची मुळे ओळखीची वाटतात. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. ‘तू येथे काय करीत आहेस?’ हा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर येतो (१ राजे १९). सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर त्यांचे बरोबर होते. चुकले ते बोलू लागल्यावर. ऐकण्याचे कौशल्य शिकवताना याहून चांगला पाठ मिळणे कठीण आहे.

या अभ्यासाचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते ते पापबोध आणि आजार वेगळे ओळखताना. मंत्रचळ म्हणजे नको ते विचार पुनःपुन्हा येण्याचा आणि ते शमवायला तीच कृती करत राहण्याचा आजार (ओसीडी). त्याचा एक प्रकार धार्मिक असतो. ‘माझ्या मनात देवनिंदा आली, मला क्षमा झाली का?’ असे विचारत माणूस पुनःपुन्हा पाळकाकडे येतो. पाळक प्रेमाने सांगतात, ‘झाली क्षमा.’ थोडा वेळ बरे वाटते आणि शंका पुन्हा उसळते. दर वेळच्या दिलाशाने सुटका मिळते, म्हणून मेंदू तो दिलासा पुन्हा मागायला शिकतो. आजार वाढतो तो दयाळूपणाच्याच हातून. खरा पश्चात्ताप एखाद्या ठरावीक कृत्याला धरून असतो, ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे नेतो आणि भरपाईनंतर निवतो. मंत्रचळ ‘तसे झाले असेल तर?’ या शक्यतेला चिकटतो आणि दिवसाचा तासाहून अधिक वेळ खातो. उपचारात शंकेला हळूहळू सामोरे जायचे, पण ती शमवणारी कृती, म्हणजे तीच प्रार्थना किंवा तोच प्रश्न, करायची नाही, असा सराव असतो. गरजेप्रमाणे औषधेही देतात. पाळक आणि चिकित्सक यांनी आपसात बोलून दिलाशाची मर्यादा ठरवली, तर हा सराव टिकतो. नैराश्याचेही तसेच. निदानासाठी ठरवलेल्या नऊपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि त्यांत खिन्नता किंवा रस उडणे यांपैकी एक असेलच, ही कसोटी ठाऊक असलेला माणूस ‘विश्वास कमी पडतो आहे’ असे घाईने म्हणत नाही.

प्रौढाची शिकण्याची गती तरुणापेक्षा मंद असते, शब्दसंपत्ती आणि अनुभव मात्र अधिक. म्हणून आठवड्यात सव्वा तासाच्या चार बैठका रविवारच्या सलग पाच तासांपेक्षा उपयोगी. जे वाचले ते, पुस्तक मिटून, आठवून लिहावे. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा लिहावे. क्रम असा बरा : सामान्य मानसशास्त्र, विकासाचे मानसशास्त्र, संशोधनपद्धती व संख्याशास्त्र, मग मनोविकार, आणि धर्माचे मानसशास्त्र सर्वांत शेवटी. संख्याशास्त्र गाळण्याचा मोह होतो. ते गाळले की सहसंबंध (दोन गोष्टी बरोबरीने आढळणे) आणि कारण यांतला फरक हाती लागत नाही आणि ‘संशोधनाने सिद्ध झाले’ असे कोणीही म्हटले की पटते.

इंदुरात भाषेची एक अडचण येते. हिंदी पुस्तकातला ‘अधिगम’ म्हणजे मराठीतले अध्ययन, ‘संवेग’ म्हणजे भावना, ‘अवसाद’ म्हणजे नैराश्य. हिंदी, मराठी आणि इंग्रजी अशा तीन रकान्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

नेहमीच्या चुकांपैकी पहिली म्हणजे प्रत्येक सिद्धांताला वचन जोडणे. त्याने सिद्धांतही कळत नाही आणि वचनही. दुसरी, मनोविकारांचा भाग वाचताच घरच्यांना निदाने चिकटवणे. तिसरी सर्वांत घातक : लहान मंडळीत सगळे एकमेकांना ओळखतात आणि विश्वासाने सांगितलेली गोष्ट ‘प्रार्थनेसाठी विनंती’ म्हणून सभेत पोहोचते. सांगणाऱ्याच्या स्पष्ट संमतीशिवाय नाव, आजार, गल्ली काहीही उच्चारू नये. एकच अपवाद जिवाच्या धोक्याचा. तोही आधीच सांगून ठेवावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम थांबवले आहेत. पदवी हवी असेल तर आता वर्गात बसावे लागते. नुसत्या ज्ञानासाठी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात. प्रमाणपत्रासाठी गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात, आणि त्यांत अनुक्रमे १० आणि ३० गुण वेगवेगळे मिळवावे लागतात. अशा प्रमाणपत्राने किंवा नुसत्या एम. ए.ने उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

आत्महत्येचे बोलणे, कोणालाच ऐकू न येणारे आवाज, दिवसेंदिवस झोप व अन्न सुटणे, यांपैकी काही दिसले तर अभ्यासकाने उपचार आपल्या हाती घेऊ नयेत. इंदूरच्या बाणगंगा भागात शासकीय मानसिक रुग्णालय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. धोका दिसत असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये. फोन त्याच्याजवळ बसूनच लावावा आणि रुग्णालयात त्याच्याबरोबर जावे.