ऑक्सफर्डच्या युद्धकाळातील चार तत्त्वज्ञ स्त्रिया

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकलेल्या आणि पुढे इंग्रजी भाषेतील नीतिशास्त्राला वेगळे वळण देणाऱ्या चार विचारवंत : एलिझाबेथ अ‍ॅन्सकम (१८ मार्च १९१९ – ५ जानेवारी २००१), आयरिस मर्डॉक (१५ जुलै १९१९ – ८ फेब्रुवारी १९९९), मेरी मिजली (१३ सप्टेंबर १९१९ – १० ऑक्टोबर २०१८) आणि फिलिपा फुट (३ ऑक्टोबर १९२० – ३ ऑक्टोबर २०१०). ‘चांगले’, ‘वाईट’ हे शब्द बोलणाऱ्याच्या भावना किंवा निवड तेवढी व्यक्त करतात, त्यांना वस्तुस्थितीचा आधार नसतो, हे मत त्या काळी ऑक्सफर्डमध्ये जवळजवळ गृहीत धरले जात होते. चौघींनी आपापल्या वाटेने त्याला विरोध केला. माणूस कसा जगतो, त्याला कशाची गरज असते, तो दुसऱ्याकडे कसा पाहतो, हे बाजूला ठेवून नीतीबद्दल काहीच बोलता येत नाही, हा त्यांचा समान आग्रह होता. त्यांनी संप्रदाय म्हणून कधी जाहीरनामा काढला नाही. त्यांचा एकत्र विचार करण्याची पद्धत अलीकडे, विशेषतः डरहॅम विद्यापीठातील संशोधनामुळे रुळली.

पार्श्वभूमी

ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० मध्ये सुरुवात केली. केंब्रिजमध्ये त्यासाठी १९४८ उजाडावे लागले. पदवी मिळू लागली तरी दरवाजा सताड उघडला नव्हता. विद्यार्थिनींच्या संख्येवर १९२७ मध्ये मर्यादा घालण्यात आली आणि ती तीस वर्षे टिकली. अ‍ॅन्सकम १९३७ मध्ये सेंट ह्यूज कॉलेजात आल्या. मर्डॉक आणि मिजली (माहेरच्या स्क्रटन) १९३८ मध्ये आणि फुट (माहेरच्या बोझांकेट) १९३९ मध्ये समरव्हिल कॉलेजात. पहिल्या तिघींनी ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान असा अभ्यासक्रम घेतला, तर फुट यांनी तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र. फुट यांचे आजोबा ग्रोव्हर क्लीव्हलंड हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. तरीही त्यांचे बालपणीचे शिक्षण घरी येणाऱ्या गव्हर्नेसच्या हाती राहिले आणि ते फारच तोकडे होते.

तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांचे ‘लँग्वेज, ट्रूथ अँड लॉजिक’ हे पुस्तक १९३६ मध्ये आले होते आणि तरुण मंडळींवर त्याची जबरदस्त छाप होती. ज्या विधानाचा पडताळा घेता येत नाही ते निरर्थक, असा त्याचा दंडक. त्यात ईश्वर, सौंदर्य, नीती एका फटक्यात निकालात निघत. युद्ध सुरू झाल्यावर एअर, जे. एल. ऑस्टिन, गिल्बर्ट राइल असे या नव्या प्रवाहातले लोक सैन्याच्या आणि गुप्तवार्तेच्या कामावर गेले. तरुण विद्यार्थीही गेले. मागे राहिले ते वयस्कर प्राध्यापक, युद्धाला विवेकाने नकार देणारे काही जण आणि युरोपातून आलेले निर्वासित विद्वान. त्यांपैकी डोनल्ड मॅकिनन यांनी फुट, मर्डॉक आणि मिजली या तिघींना शिकवले. जर्मनीतून आलेल्या एडुआर्ड फ्रेंकेल यांच्या ‘अ‍ॅगमेम्नॉन’ या ग्रीक नाटकावरील प्रसिद्ध वर्गाला मर्डॉक आणि मिजली बसत. एकेका ओळीवर तासन्‌तास चालणाऱ्या त्या वर्गात विद्वत्ता म्हणजे काय हे त्यांना प्रथम उमगले. फ्रेंकेल यांचे विद्यार्थिनींशी वर्तन मात्र आक्षेपार्ह होते आणि तेही नोंदवायलाच हवे.

एवढ्या स्त्रिया एकाच वेळी तत्त्वज्ञानात कशा पुढे आल्या, याचे उत्तर मिजली यांनी २०१३ मध्ये ‘गार्डियन’ला लिहिलेल्या पत्रात दिले. त्या वेळी वर्गात पुरुष कमी होते, म्हणून स्त्रियांचे बोलणे ऐकू गेले, असे त्या सांगतात. दोष पुरुषांचा नव्हे. हुशार पोरांना एकमेकांविरुद्ध वाद जिंकायला लावणाऱ्या पद्धतीचा तो दोष आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले. हे स्पष्टीकरण सगळ्यांना पटलेले नाही. एवढे खरे, की विचार पक्का होण्याआधीच त्यावर तुटून पडणारा श्रोतृवर्ग त्यांना त्या वर्षांत भेटला नाही.

युद्ध आणि नीतिविचार

१९४५ मध्ये नाझी छळछावण्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती प्रसिद्ध झाल्या. त्या पाहिल्यावर फुट यांना एक गोष्ट स्वच्छ दिसली : नीती ही आवडीनिवडीसारखी व्यक्तिसापेक्ष असूच शकत नाही. ‘हे मला पसंत नाही’ एवढेच जर नाझींना सांगता येत असेल, तर तेही ‘आम्हाला पसंत आहे’ म्हणून मोकळे. फुट यांचे पुढचे सारे लेखन या एका अस्वस्थतेतून आले आहे.

त्यांचे मुख्य प्रतिपक्षी, ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ आर. एम. हेअर यांचाही विचार युद्धातच घडला होता, ही बाब सहसा विसरली जाते. हेअर जपान्यांच्या कैदेत होते. सगळे आधार सुटल्यावरही माणूस स्वतःचे तत्त्व स्वतः निवडू शकतो, ही त्यांची श्रद्धा तिथली. त्यांच्या १९५२ च्या पुस्तकात नैतिक विधान हे सर्वांना लागू होणारे फर्मान ठरते. फर्मानात काय असावे यावर मात्र बंधन नाही. फुट यांनी १९५८ च्या सुमारास लिहिलेल्या दोन निबंधांत नेमके इथेच बोट ठेवले. एखादा माणूस केवळ हातांची मूठ वळतो आणि सोडतो म्हणून त्याला ‘सज्जन’ म्हणता येईल का? नाही. त्यामागे माणसाच्या हिताशी जोडलेले काहीतरी कारण सांगता आले पाहिजे.

अ‍ॅन्सकम आणि ट्रूमन यांची पदवी

चौघींपैकी तांत्रिक तत्त्वज्ञानात सर्वांत सखोल काम अ‍ॅन्सकम यांचे. त्या कॅथलिक झाल्या होत्या, पीटर गीच या तत्त्वज्ञाशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांना सात मुले होती. केंब्रिजमध्ये त्या लुडविग विटगेनश्टाइन या तत्त्वज्ञाच्या व्याख्यानांना बसल्या, त्यांच्या निकटवर्ती झाल्या आणि १९५१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर वाङ्‌मयीन वारसा सांभाळणाऱ्या तिघांपैकी एक ठरल्या. ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’चा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद (१९५३) वाचूनच जगाला विटगेनश्टाइन यांचा उत्तरकाळातला विचार कळला.

१९५६ मध्ये ऑक्सफर्डने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना सन्माननीय पदवी देण्याचे ठरवले. अशा प्रस्तावांवर एरवी कोणी तोंड उघडत नसे. अ‍ॅन्सकम सभेत उभ्या राहिल्या आणि हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब टाकण्याचा हुकूम देणाऱ्या माणसाला हा मान देऊ नका, असे त्यांनी सांगितले. बायका काहीतरी घाट घालत आहेत, जाऊन त्यांच्या विरोधात मत द्यायला हवे, एवढेच सांगून एका कॉलेजच्या अध्यापकांना बोलावण्यात आले होते, असे त्यांनी पुढे पत्रकात लिहिले. फुट त्यांच्या बाजूने होत्या. पदवी अर्थातच दिली गेली.

ते पत्रक आजही वाचण्यासारखे आहे. अ‍ॅन्सकम शांततावादी नव्हत्या. सरसकट सगळी हिंसा वाईट म्हटले, की निरपराधाला मारणे आणि लढणाऱ्याला मारणे यातला फरकच पुसला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. आपले उद्दिष्ट साधण्याचे साधन म्हणून निरपराधांना मारायचे ठरवणे म्हणजे खून. त्यातून युद्ध लवकर संपले का, हा प्रश्न इथे लागूच होत नाही. ट्रूमन यांच्या बाजूने बोलणारे म्हणत, त्यांनी कागदावर सही तेवढी केली.

पण माणूस नेमके काय ‘करतो’ हे कसे ठरवायचे? याच प्रश्नाला १९५७ च्या ‘इंटेन्शन’ या छोट्या, अवघड पुस्तकात त्यांनी हात घातला. एक माणूस पंप चालवून घराच्या टाकीत पाणी भरतो आहे. पाण्यात कोणीतरी विष मिसळले आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. तो हात वरखाली करतो आहे, पंप चालवतो आहे, टाकी भरतो आहे आणि घरातल्यांना विष देतो आहे. या चार कृती नसून एकाच कृतीची चार वर्णने आहेत. ‘मी फक्त हात हलवत होतो’ ही पळवाट त्याला मिळत नाही, कारण ‘का?’ या प्रश्नाची उत्तरे त्याला पायरीपायरीने विषापर्यंत नेतात. कृतीचे तत्त्वज्ञान ही स्वतंत्र शाखा आज ज्या रूपात आहे तिचा पाया या पुस्तकाने घातला.

१९५८ च्या ‘मॉडर्न मॉरल फिलॉसॉफी’ या निबंधात त्या आणखी पुढे गेल्या. देवाने घालून दिलेला कायदा मानणे सोडले आणि ‘कर्तव्य’, ‘बंधन’ हे शब्द मात्र तसेच ठेवले, तर ते कायदा देणाऱ्याशिवाय लोंबकळत राहतात. तेव्हा इच्छा, हेतू, सद्गुण या गोष्टी आधी नीट समजून घ्याव्यात आणि तोवर नीतिशास्त्र बाजूला ठेवावे. परिणामांवरून सर्व काही तोलणाऱ्या मताला आज वापरले जाणारे परिणामवाद हे नाव याच निबंधातून आले. १९७० मध्ये त्या केंब्रिजला विटगेनश्टाइन यांच्याच अध्यासनावर प्राध्यापक झाल्या. गर्भनिरोधन आणि गर्भपात या दोहोंना त्यांचा कडवा विरोध होता. गर्भपात केंद्राबाहेर निदर्शने करताना त्यांना अटकही झाली. युद्धाबद्दल त्यांच्याशी सहमत असणारे कितीतरी वाचक इथे त्यांच्यापासून दूर जातात. अ‍ॅन्सकम यांच्या दृष्टीने मात्र दोन्हींकडे तत्त्व एकच होते.

फुट आणि ट्रॅमचा प्रश्न

‘पाच जणांना वाचवण्यासाठी एकाला मारावे का?’ हा ट्रॅमचा प्रश्न आता विनाचालक गाड्यांच्या चर्चेपर्यंत पोचला आहे. त्याचा उगम फुट यांच्या १९६७ च्या गर्भपातविषयक निबंधात आहे. तिथे ना ट्रॅम दुसऱ्या रुळावर वळवणारा खटका आहे, ना तिला अडवण्यासाठी पुलावरून ढकलायचा माणूस. ती भर नंतर प्रामुख्याने ज्युडिथ जार्विस थॉमसन या अमेरिकन तत्त्वज्ञ स्त्रीने घातली. फुट यांच्या मूळ उदाहरणात स्वतः चालकच अनावर झालेली ट्रॅम चालवतो आहे. तो कुठेही वळला तरी कोणीतरी मरणार, मग कमी माणसे असतील तिकडे त्याने वळावे हे आपल्याला सहज पटते. पण डॉक्टरने एका माणसाला मारून त्याच्या देहापासून औषध बनवले आणि अनेक रुग्ण वाचवले, तर ते आपण का स्वीकारत नाही? फुट यांचे उत्तर असे : इजा न करण्याचे कर्तव्य हे मदत करण्याच्या कर्तव्यापेक्षा कडक असते. चालकापुढे दोन्हीकडे इजाच आहे; डॉक्टरपुढे एकीकडे मदत आहे आणि दुसरीकडे खून. उदाहरण जगभर गेले आणि हा भेद मागे राहिला, हे या निबंधाचे दुर्दैव.

ऐंशी वर्षांच्या असताना त्यांनी ‘नॅचरल गुडनेस’ (२००१) हे पुस्तक प्रसिद्ध केले. शिकारीत भाग न घेता आयते खाणाऱ्या लांडग्यात लांडगा म्हणून काही खोट आहे. तसेच दिलेला शब्द न पाळणाऱ्या माणसात माणूस म्हणून खोट आहे, असा त्यातला युक्तिवाद आहे. फुट निरीश्वरवादी होत्या. अ‍ॅन्सकम यांच्याशी समरव्हिलमध्ये वर्षानुवर्षे चाललेल्या वादचर्चेचे ऋण त्या मोकळेपणाने मान्य करत. ऑक्सफॅम या मदतसंस्थेशी त्या तिच्या सुरुवातीच्या काळापासून जोडलेल्या होत्या.

मर्डॉक : सासूची नजर

मर्डॉक यांची ख्याती कादंबरीकार म्हणून अधिक. त्यांनी २६ कादंबऱ्या लिहिल्या आणि १९७८ मध्ये त्यांना बुकर पारितोषिक मिळाले. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्यात बेल्जियम आणि ऑस्ट्रियातील निर्वासितांमध्ये काम करताना त्यांनी फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्र वाचले. त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि अखेर त्यांच्यापासून दूर गेल्या. निवड करणारी एकाकी इच्छाशक्ती हे माणसाचे खरे चित्र नाही, हा त्यांचा आक्षेप सार्त्र आणि हेअर या दोघांवरही होता.

‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ (१९७०) या निबंधसंग्रहात त्यांनी एक सासू उभी केली आहे. मुलाने आपल्या तोलामोलाची मुलगी केली नाही असे तिला वाटते. सून मनाने चांगली, पण उथळ, बोलायला फटकळ, पोरकट. सासू वागण्यात मात्र तसूभरही चूक करत नाही. तिच्या मनातले कोणालाही कळत नाही. पुढे सून दूर देशी निघून जाते. सासू स्वतःशी म्हणते, मी जुन्या वळणाची आहे, कदाचित माझ्या मनात मत्सरही असेल; पुन्हा एकदा बघते. हळूहळू तिला सून उथळ नव्हे, मोकळी दिसू लागते. पोरकट नव्हे, टवटवीत. बाहेर काहीही बदललेले नाही. तरीही सासूने काहीतरी केले आहे आणि ते नैतिक आहे, असे मर्डॉक म्हणतात. ज्यांच्या लेखी नीती म्हणजे दिसणारे वर्तन आणि निवड, त्यांच्याकडे या घटनेसाठी जागाच नाही. या प्रेमळ, न्याय्य पाहण्याला त्यांनी ‘अवधान’ म्हटले आणि ही कल्पना फ्रेंच विचारवंत सिमोन वेल (१९०९–१९४३) यांच्याकडून घेतल्याचे सांगितले. चौघींच्या साऱ्या उदाहरणांत हे सर्वांत टिकाऊ ठरावे, कारण ते घराघरांत रोज पडताळून पाहता येते.

देवाशिवाय धर्मातले काय राखता येईल, याचा त्या प्लेटोच्या आधाराने शेवटपर्यंत शोध घेत राहिल्या. १९८४ मध्ये इंग्लंडमधील ब्रॉकवुड पार्क येथे जे. कृष्णमूर्तींशी त्यांचा प्रदीर्घ संवाद झाला, तोही याच शोधाचा भाग. अखेरच्या वर्षांत त्यांना अल्झायमर झाला.

मिजली : प्राणी माणूस

मिजली लग्नानंतर न्यूकॅसलला गेल्या. तीन मुलगे वाढवताना त्या पुस्तक परीक्षणे लिहीत. १९५० च्या दशकात त्यांनी बीबीसीसाठी एक भाषण लिहिले. थोर म्हणवले जाणारे बहुतेक युरोपीय तत्त्वज्ञ अविवाहित होते, याकडे त्यात त्यांनी लक्ष वेधले. दुसरे मन खरोखर आहे का, ही फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची शंका पोटात मूल वाढवलेल्या, त्याला अंगावर पाजलेल्या माणसाला सुचेल का, असा त्यांचा सवाल. बौद्धिक कार्यक्रमात घरगुती विषयांचे काय काम, अशा भावनेने ते भाषण नाकारण्यात आले.

त्यांचे पहिले पुस्तक ‘बीस्ट अँड मॅन’ १९७८ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी आले. आधी लिहिले नाही हे बरेच झाले, तोवर मला काय वाटते तेच मला ठाऊक नव्हते, असे त्या म्हणत. माणूस प्राण्यांसारखा आहे असे नव्हे, तो प्राणीच आहे. त्याच्या प्रेमाची, निष्ठेची, खेळाची मुळे याच स्वभावात आहेत, हे त्यातले मुख्य सूत्र. मग चाळीस वर्षे त्यांची लेखणी थांबली नाही : प्राण्यांबद्दलचे कर्तव्य, दुष्टपणा, उत्क्रांतीला धर्म बनवणारे वैज्ञानिक. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांच्या ‘द सेल्फिश जीन’वर त्यांनी १९७९ मध्ये केलेली टीका गाजली. जनुकांना ‘स्वार्थी’ म्हणणे ही उपमा आहे हे मिजली यांनी ध्यानात घेतले नाही, असा प्रत्याक्षेप झाला आणि त्यात तथ्य आहे. टीकेचा सूर जास्त कडक झाल्याचे त्यांनी नंतर कबूल केले. पण उपमा वाचकाच्या मनात उपमा म्हणून राहत नाहीत, हा त्यांचा मुद्दा त्यामुळे खोटा पडत नाही. तत्त्वज्ञान हे घराखालच्या नळजोडणीसारखे आहे, ती तुंबून दुर्गंधी सुटेपर्यंत तिची आठवण होत नाही, असे त्या सांगत. शेवटचे पुस्तक त्यांच्या निधनाच्याच वर्षी, २०१८ मध्ये आले.

प्रभाव

सद्गुणांना केंद्रस्थानी ठेवणारे नीतिशास्त्र आज कर्तव्यवाद आणि परिणामवाद यांच्या बरोबरीने शिकवले जाते. त्याचा आरंभ बहुधा अ‍ॅन्सकम यांच्या १९५८ च्या निबंधापासून धरतात. अ‍ॅलस्डेअर मॅकिंटायर आणि रोझलिंड हर्स्टहाउस यांच्या लेखनात त्याची पुढची वाढ दिसते. मर्डॉक यांची छाप मार्था नुसबाम आणि चार्ल्स टेलर यांच्यावर पडली. मिजली यांना विद्यापीठीय वर्तुळांनी बराच काळ लोकप्रिय लेखिका म्हणून बाजूला ठेवले होते. पर्यावरण आणि प्राणिहक्क हे विषय तत्त्वज्ञानाच्या मुख्य अभ्यासक्रमांत शिरल्यावर त्यांच्याकडे नव्याने लक्ष गेले.