दोन्ही वेळा ‘इंजिन पकडलं’, पण दुखणी दोन: पिस्टनवरचे ओरखडे कसे वाचायचे

पौडच्या शेडमध्ये जुन्या पेपरवर दोन पिस्टन शेजारी शेजारी पडले होते. दोन्ही माझ्या मित्राच्या क्वाडचे, म्हणजे शेतात-मातीत चालणाऱ्या चारचाकी बाईकचे. त्याने शेतावर फिरायला जुनी यामाहा ब्लास्टर घेतली होती: 195 सीसी, एअर-कूल्ड, टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर. इंजिन नव्याने बांधलं आणि महिन्याभरात दोनदा पकडलं. त्याचा निष्कर्ष तयार होता. ‘‘पिस्टनच डुप्लिकेट दिलाय रे. दोन्ही एकाच दुकानातले.’’

यामाहाची जुनी टू-स्ट्रोक बाईक आरएक्स हंड्रेड वापरलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. मिस्त्री ‘जाम झालं’ म्हणतो, आपण ‘सीझ झालं’ म्हणतो, पिस्टन बदलतो, ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरला, पुढच्या साईझचं बोअर मारतो (आतलं भोक थोडं मोठं करून घेतो) आणि गाडी परत रस्त्यावर आणतो. पण जाम होणं हे तापासारखं लक्षण आहे. मलेरियाचाही ताप आणि टायफॉइडचाही तापच, औषध मात्र एक नाही. इथेही पिस्टन पकडण्याची दोन कारणं सतत एकमेकांत मिसळली जातात. एक म्हणजे ब्लॉकमध्ये पिस्टनला फुगायला जागा कमी पडणं. दुसरं म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, म्हणजे लीन होऊन, पिस्टन भाजणं. पहिल्याचा इलाज बोअरिंगवाल्याकडे असतो. दुसऱ्याचा इलाज कार्बोरेटर, गॅस्केट आणि सीलपाशी. चुकीच्या दारात गेलात की तिसरा पिस्टन घ्यायची तयारी ठेवा.

पहिला पिस्टन हातात घेतला. ओरखडे उभे होते, पण सगळीकडे नव्हते. पिस्टन-पिनच्या भोकाच्या दोन्ही अंगांना, दोन इकडे आणि दोन तिकडे, असे चारच पट्टे. मधला भाग जवळजवळ स्वच्छ, डोक्यावर काही नाही, रिंगा मोकळ्या. हे जागेच्या अडचणीचं चित्र. पिनच्या आजूबाजूला धातू जाड असतो, तो उष्णता धरून ठेवतो आणि तिथेच पिस्टन जास्त फुगतो. म्हणूनच पिस्टन मुळात अगदी गोल बनवत नाहीत. पिनच्या दिशेने तो किंचित कमी ठेवलेला असतो, गरम झाल्यावर गोल व्हावा म्हणून.

आता हिशोब बघा. 66 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन 100 अंशांनी तापला की साधारण 0.13 मिमी फुगतो. तेवढाच तापलेला लोखंडी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी, फुगतो 0.07. म्हणजे दोघं बरोबरीने तापले तरी मधली जागा 0.06 ने कमी होते. आणि थंडीत सकाळी सुरू केल्यावर बरोबरीने तापतच नाहीत. पिस्टनच्या डोक्यावर जाळ असतो आणि सिलिंडरच्या बाहेरचे पंखे, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पातळ कडा, बर्फासारखे गार. पिस्टन फुगून तयार, ब्लॉक अजून झोपेत.

मित्राने नेमकं तेच केलं होतं. बोअरिंगवाल्याने विचारलं, ‘‘साहेब, क्लिअरन्स किती ठेवू?’’ म्हणजे पिस्टन आणि बोअरमधली जागा. याने सांगितलं, ‘‘टाईटच ठेवा, टिकेल जास्त.’’ त्यात पिस्टन फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेला. फोर्ज्ड पिस्टन साध्या ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फुगतो आणि त्याला जागा जास्त लागते. मागाहून न खरवडलेल्या जागी मोजलं तर 0.04 मिमी निघाले. पिस्टनच्या डब्यातल्या कागदावर त्याच्या जवळपास दुप्पट लिहिलं होतं. तो कागद डब्यातच राहिला होता, डबा घरी आणि ब्लॉक नाना पेठेत. डिसेंबरची सकाळ, किक मारली, दोन मिनिटांत गिअर टाकला आणि थेट शेताच्या कडेने फुल थ्रॉटल. पाच मिनिटांत मागची चाकं लॉक.

दुसऱ्या पिस्टनची गोष्ट निराळी होती. या वेळी बोअर पुढच्या साईझला नेताना नवा पिस्टन हातात देऊन, तोच मोजून, त्याप्रमाणे होनिंग (बोअरची आतली बाजू दगडाने घासून नेमक्या मापाला आणणं) करून घेतलं होतं. बरेच दिवस गाडी छान चालली. मग जानेवारीत टेकडीच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटलवर पकडली. मित्र सांगत होता, ‘‘पकडायच्या आधी तर अशी पळत होती ना, आजवर कधी पळाली नव्हती!’’ हे वाक्य ऐकलं की मी मान हलवतो. लीन झालेलं टू-स्ट्रोक इंजिन मरायच्या आधी क्षणभर फार गोड पळतं. शिवाय थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली यायला रेंगाळतो, ही खूण त्याला आदल्या दिवशीच दिसली होती. त्याने ती ‘सेटिंग मस्त बसलंय’ अशी वाचली.

या पिस्टनवर ओरखडे एकाच बाजूला, सायलेन्सरकडे. रुंद, खोल, धातू अक्षरशः पुसल्यासारखा पसरलेला. वरची रिंग खाचेत चिकटलेली. डोक्याची सायलेन्सरकडची कड उंदराने कुरतडावी तशी खाल्लेली आणि डोक्यावर काजळीऐवजी राखेसारखा फिका रंग. सायलेन्सरचं तोंड ही सिलिंडरमधली सगळ्यात गरम जागा. जळालेला वायू तिथूनच बाहेर पडतो आणि तिथे गार मिश्रण सर्वांत कमी पोहोचतं. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पिस्टनचा सिलिकॉन मिसळलेला धातू त्याच्याही आधी. पण वितळायच्या कितीतरी आधी तेलाचा थर जळतो आणि धातू धातूला घासायला लागतो.

आता लोक कुठे चुकतात ते सांगतो, कारण मीही चुकलोय. पिस्टन पकडला की पहिला संशय तेलावर जातो. मग पुढच्या टाकीत पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं तेल) दीडपट ओततात. दुखणं लीनचं असेल तर हे आगीत तेल ओतणंच, अगदी शब्दशः. कार्बोरेटरमधल्या जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून जाणाऱ्या द्रवात तेल वाढलं म्हणजे तेवढं पेट्रोल कमी झालं. मिश्रण आणखी लीन. तेल खरंच कमी पडलं असेल तर ओरखडे बहुधा सगळ्या घेरावर कोरडे-कोरडे दिसतात, एका बाजूला नाही. तो प्रकार प्रिमिक्सवर, म्हणजे टाकीतच तेल मिसळलेल्या पेट्रोलवर, चालणाऱ्या गाडीला ताम्हिणी घाट उतरताना होऊ शकतो. गिअरमध्ये थ्रॉटल बंद ठेवून लांब उतार उतरलात की पेट्रोल जेमतेम जातं आणि त्याबरोबर तेलही जेमतेमच. म्हणून जुने लोक उतारावर मधेच क्लच दाबून थ्रॉटल द्यायचे.

बरं, लीन का झालं? जेट मे महिन्यात बसवलेला होता, हा एक धागा. 40 अंशांच्या हवेपेक्षा 10 अंशांची हवा साधारण दहा टक्के घट्ट असते. कार्बोरेटर त्यातला निम्मा फरक भरून काढतो, बाकीचा नाही. पण तेवढ्याने पिस्टनची कड खाल्ली जात नाही. हवा कुठून तरी चोरवाटेने आत येत होती.

ती शोधायला मित्राच्या आईचं बीपीचं मशीन आणलं. पाऱ्याचं नाही, रबरी फुग्याचं आणि घड्याळासारख्या काट्याचं. जुन्या प्लगमधली पोर्सेलिन फोडून काढली, उरलेल्या लोखंडी आट्यात नळी चिकटवली आणि ती हेडमध्ये कसली. पिस्टन तळाला आणून ठेवला. सायलेन्सरच्या तोंडावर रबर आणि पत्रा, कार्बोरेटरच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीत, बूच. मग काटा 300 पर्यंत चढवला, म्हणजे जवळपास 6 पीएसआय. चांगलं इंजिन हा दाब सहा मिनिटं धरतं, थोडाफार उतरला तरी चालतं. आमचा काटा डोळ्यांदेखत उतरायला लागला. बेस गॅस्केटला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत. मॅनिफोल्डला नाहीत. क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकावरचं वीज बनवणारं मॅग्नेट काढून तिथल्या सीलला लावलं आणि तिथे दूध उतू जावं तसा फेस आला.

सील जुनंच होतं. इंजिन ‘बांधलं’ म्हणजे फक्त वरचं बांधलं होतं. क्रँक खोललाच नव्हता, कारण त्याचे पैसे वेगळे. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर हवा आत येते आणि इंजिन लीन होतं. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं. तेव्हा पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरते, म्हणजे निदान कळतं तरी. मॅग्नेटकडचं गप्प राहून मारतं.

बाकी बाबी थोडक्यात. रिंगचा गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, बोअरमध्ये रिंग सरळ बसवून फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) बघावा. बोअर मारल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या खिडक्यांच्या, कडांची धार काढून घ्यावी, नाहीतर रिंग तिथे अडकून मोडते. होनिंगनंतर ब्लॉक फक्त पेट्रोलने पुसू नये. गरम साबणाच्या पाण्याने घासावा आणि पांढरं फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत धुवावा. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. पिनची लॉकं कायम नवीन.

कधी कधी दोन्ही खुणा एकाच पिस्टनवर मिळतात, चार पट्टे आणि सायलेन्सरकडची जखमसुद्धा. तेव्हा मी आधी हवेची गळती बघतो. पिस्टन नको इतका तापला तर पुरेशी जागाही अपुरी पडतेच.

तिसरा पिस्टन दोन्ही सील बदलून, कागदावरच्या क्लिअरन्सने बसवला. पहिल्या दिवशी गाडी तीन वेळा सुरू करून, कोमट करून, पूर्ण गार होऊ दिली. मोठा जेट एक नंबर वर नेला. आठवड्याने सायलेन्सर काढून टॉर्चने तोंडातून आत पाहिलं. पिस्टन खाली नेला की बोअरवरच्या होनिंगच्या तिरक्या रेघा अजून शाबूत दिसत होत्या, पिस्टनची सायलेन्सरकडची बाजूही गुळगुळीत. बीपीचं मशीन मात्र काकूंनी परत घेतलं नाही. ‘‘त्याला रॉकेलसारखा वास येतोय, तुमच्या त्या गाडीचंच बघत बसा,’’ म्हणाल्या.