व्हर्च्युअल मशीनं हाताने उभी करू नका

1 ऑगस्ट 2012 रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात व्यवहार सुरू झाले आणि पुढच्या साधारण 45 मिनिटांत नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने 46 कोटी डॉलर गमावले. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या 2013 सालच्या आदेशात त्याचं कारण सविस्तर नोंदवलेलं आहे. ऑर्डरी पुढे पाठवण्यासाठी कंपनीचे आठ सर्व्हर होते. नवा कोड सात सर्व्हरवर गेला, एकावर जायचा राहिला. त्या एका सर्व्हरवर 2003 पासून न वापरलेला जुना कोड पडून होता. तो चालू झाला आणि ग्राहकांच्या 212 ऑर्डरींपायी बाजारात लाखो ऑर्डरी सोडत सुटला. दुरुस्तीच्या घाईत बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोडच काढून टाकला गेला, त्यामुळे नुकसान आणखी वाढलं.

या घटनेला सर्रास ‘सॉफ्टवेअरमधला बग’ म्हटलं जातं. मला ते पटत नाही. जुना कोड तिथे होता हे खरं, पण खरा दोष हा की आठही सर्व्हर कसे असायला हवेत आणि प्रत्यक्षात ते कसे आहेत, याची तुलना कोणीच करत नव्हतं. ना माणूस, ना यंत्र. आणि ही तुलना यंत्राकडून करून घेता येते. सर्व्हर कसे हवेत ते फाइलीत लिहायचं आणि जुळवणी यंत्राकडे सोपवायची: इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड म्हणतात ते हेच.

आज अशा सर्व्हरच्या जागी बहुतेक ठिकाणी व्हर्च्युअल मशीनं असतात. एकाच खऱ्या संगणकाचा प्रोसेसर आणि मेमरी वाटून हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर अनेक ‘संगणक’ चालवतं आणि प्रत्येकाला वाटतं की सगळं यंत्र आपलंच आहे. आयबीएमने हे 1960 च्या दशकात मेनफ्रेमवर, म्हणजे त्या काळच्या अवाढव्य संगणकांवर, करून दाखवलं होतं, व्हीएमवेअरने 1999 साली ते साध्या पीसीवर आणलं. 2006 मध्ये ॲमेझॉनने अशी मशीनं तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. 2016 पासून त्यांची मुंबईतही सोय आहे. मशीन उभं करणं म्हणजे इंटरनेटवरून एक विनंती पाठवणं इतकं सोपं झालं, आणि कंपन्यांकडची मशीनं भराभर वाढली. चार असताना डोक्यात मावत होती, चारशे मावत नाहीत.

यावर पहिला उपाय सुचतो तो स्क्रिप्टचा: आज्ञा एकाखाली एक लिहा आणि चालवा. पण ‘तीन मशीनं बनव’ ही स्क्रिप्ट दोनदा चालली तर सहा मशीनं होतात. ती अर्ध्यात थांबली, तर पुन्हा कुठून सुरू करायची हे कोणालाच सांगता येत नाही. ‘बटण दाब’ आणि ‘दिवा लागलेला असू दे’ या दोन सूचनांत जो फरक आहे, तोच इथे आहे. दुसरी सूचना कितीही वेळा द्या, परिणाम तोच. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्गेस यांनी 1993 साली सीएफइंजिन लिहिलं ते याच विचारावर: पायऱ्या सांगू नका, शेवटची स्थिती सांगा, तिथपर्यंत पोचणं हे यंत्राचं काम.

टेराफॉर्म हे त्याच वंशातलं साधन. हॅशीकॉर्पने ते 2014 मध्ये आणलं. पुढे 2023 मध्ये त्याचा परवाना बदलल्यावर त्यातूनच ओपनटोफू हा मुक्त फाटा निघाला. दोन्हींचा गाभा एकच आहे आणि तो मला फार आवडतो.

टेराफॉर्मसमोर तीन गोष्टी असतात. आपण फाइलीत लिहिलेली अपेक्षा, आधी काय बनवलं होतं याची नोंद ठेवणारी स्टेट फाइल, आणि क्लाउडला विचारून मिळालेली आत्ताची खरी स्थिती. तिन्ही ताडून ते ‘प्लॅन’ दाखवतं: अधिकचं चिन्ह म्हणजे नवं बनेल, उण्याचं म्हणजे जाईल, नागमोडी रेघ म्हणजे आहे तिथेच बदलेल. मशीनचं लेबल बदललं तर नागमोडी रेघ. मशीन ज्या इमेजवरून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमसह तयार साच्यावरून, उभं राहतं ती ॲमेझॉनवर बदलली, तर मात्र उणे आणि अधिक दोन्ही एकत्र दिसतात, म्हणजे जुनं मशीन पाडून नवं बांधलं जाणार. हे काहीही घडण्याआधी वाचायला मिळतं.

मग क्रम कोण ठरवतं? मशीनला सबनेटचा (नेटवर्कच्या एका भागाचा) क्रमांक लागतो, सबनेटला नेटवर्कचा, आणि हे क्रमांक त्या त्या वस्तू बनल्याशिवाय अस्तित्वातच नसतात. टेराफॉर्म फाइल वाचताना कोण कोणाचा उल्लेख करतं ते पाहतं आणि त्यातून एक दिशायुक्त आलेख तयार करतं. ज्याचं कोणावर काही अडलेलं नाही ते आधी, त्याच्यावर अवलंबून असलेलं नंतर. एकमेकांशी संबंध नसलेल्या वस्तू एकाच वेळी बनतात, मुळात ठरवलेली मर्यादा एका वेळी दहाची. मोडताना हाच आलेख उलटा चालतो. आलेखात चक्र सापडलं, म्हणजे अ ला ब हवा आणि ब ला अ, तर काम सुरूच होत नाही. फाइलीत काय वर लिहिलं आणि काय खाली याने काही फरक पडत नाही.

इथे एक बारीक खाच आहे. नावांच्या यादीवरून पाच मशीनं काउंट, म्हणजे ‘इतकी हवीत’ असा आकडा देणारी सोय, वापरून मागितली तर स्टेट फाइलीत त्यांची ओळख 0 ते 4 अशी क्रमांकाने राहते. यादीतलं दुसरं नाव काढलं की मागची सगळी एकेक घर पुढे सरकतात. मग टेराफॉर्मच्या लेखी 1 क्रमांकाच्या मशीनला आता जुन्या 2 चं रूप हवं असतं, 2 ला 3 चं, 3 ला 4 चं, आणि 4 नकोच असतं. बदललेला गुणधर्म इमेजसारखा असेल तर एक मशीन काढायला गेलेल्या माणसाची तीन चालू मशीनं पाडून पुन्हा बांधली जातात आणि चौथं कायमचं जातं. त्याऐवजी फॉर-ईच ही दुसरी सोय वापरली की ओळख नावाने राहते आणि नको असलेलं एकच मशीन जातं. म्हणून प्लॅन शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा असतो.

‘चालतंय ना, मग हात लावू नका’ ही आपल्या आयटीतली घट्ट अंधश्रद्धा आहे. ज्या मशीनला हात लावायची भीती वाटते, ते पुन्हा कसं उभं करायचं हे कोणाला ठाऊक नसतं, एवढाच त्या भीतीचा अर्थ. खंडेनवमीला सर्व्हरला खुशाल फूल वाहा, पण त्याचं वर्णन फाइलीत लिहिलेलं असू द्या. ‘क्लाउड सगळं आपोआप सांभाळतो’ ही जाहिरातही तितकीच फोल आहे. वर्णन माणसालाच लिहावं लागतं.

या साधनालाही मर्यादा आहेत. स्टेट फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड उघड्या अक्षरांत असू शकतो, त्यामुळे ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवू नये. दोघांनी एकदम बदल केले तर नोंद बिघडते, म्हणून तिला कुलूप लागतं. आणि कोणी वेबसाइटवर जाऊन हातानेच नवं मशीन उभं केलं, तर ते स्टेट फाइलीत नसल्यामुळे टेराफॉर्मला दिसतच नाही. बिल मात्र येतं. ते मशीन आधी इम्पोर्ट करून नोंदीत आणावं लागतं. नोंदीतल्या मशीनवर कोणी परस्पर फेरफार केले तर ते मात्र पुढच्या प्लॅनमध्ये दिसतात. म्हणून जाणत्या टीम रोज रात्री नुसता प्लॅन चालवतात, काही बदलत नाहीत. डिटेल्ड एक्झिटकोड हा पर्याय दिला की सगळं जुळत असल्यास उत्तर 0 येतं, चूक झाल्यास 1 आणि तफावत असल्यास 2. दोन आलं की सकाळी कोणीतरी बसून ती ओळ न् ओळ तपासतं, आणि फाइल दुरुस्त करायची की मशीन, ते ठरवतं.